लेपर्ड गेको पाळायचा, तर आधी उबेची सोय

गेको, म्हणजे पालीच्या कुळातला प्राणी, पाळायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, तो खातो काय? मी उलट विचारते, त्याला ऊब कशी देणार? पालीला आपल्यासारखी अंगातून उष्णता तयार करता येत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच पोटातलं अन्न पचतं, जखम भरते, मादीच्या पोटात अंडी धरतात. लेपर्ड गेकोच्या बाबतीत तर अंड्यातून नर निघणार की मादी हेही उबेवरच ठरतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा तापमानाला दिली आहे. रंग, जाती, सजावट यांवर मी फार बोलणार नाही.

घरात पहिल्यांदाच गेको आणणाऱ्याला मी लेपर्ड गेकोच सुचवते. शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये या जातीचं वर्णन केलं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताचा कोरडा, खडकाळ पट्टा हे त्याचं मूळ घर. भिंतीवरच्या पालीसारखे चिकट तळवे त्याला नसतात, साध्या नख्या असतात, त्यामुळे गुळगुळीत काचेवर तो चढू शकत नाही. शिवाय त्याला हलणाऱ्या पापण्या आहेत. बहुतेक गेकोंना त्या नसतात. झोपताना हा खरोखर डोळे मिटतो. दिवसभर कपारीत पडून राहायचं आणि संधिप्रकाशात बाहेर यायचं, असा त्याचा दिनक्रम. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. तेव्हा घरात लहान मूल आहे म्हणून गेको आणत असाल, तर ते मूल शिकायला बाहेरगावी गेल्यावरही गेको तुमच्याकडेच असणार आहे हे धरून चाला.

क्रेस्टेड गेकोचं प्रकरण वेगळं. तो न्यू कॅलेडोनियाच्या दमट जंगलातला, नामशेष झाला असं समजलं जात होतं आणि १९९४ मध्ये पुन्हा सापडला. त्याला उंच पिंजरा, ओलावा आणि २२ ते २६ अंश इतकं सौम्य तापमान लागतं. खाली दिलेले आकडे त्याला लावू नका.

निवडताना काय बघायचं

जंगलातून पकडलेला प्राणी कधीच घेऊ नका. तुमच्या भागात ही जात पाळायला आणि तिची पैदास करायला कायद्याने परवानगी आहे का, नोंदणी लागते का, हे प्राणी ठरवण्याआधी तपासा. मग ज्याच्याकडे पिल्लाच्या आईबापांची नोंद आहे अशा पाळणाऱ्याकडूनच घ्या.

गेको हातात घेतला की माझी नजर आधी शेपटीवर जाते. चरबीचा साठा तिथे असतो. निरोगी प्रौढ गेकोची शेपटी बुडाशी जवळजवळ मानेइतकी जाड आणि गुबगुबीत दिसते. मग डोळे: दोन्ही पूर्ण उघडे आणि स्वच्छ हवेत. मग बोटं मोजायची, कारण कातेचे अडकलेले तुकडे बोटांचा रक्तपुरवठा तोडतात आणि टोकं झडतात. चालताना पोट जमिनीपासून उचललेलं असावं. शेवटी समोर एखादा किडा खाऊन दाखवायला सांगा. विकणारा कां कूं करत असेल तर तिथून निघा.

घरी आधीच गेको असेल तर नव्याला निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, नुसत्या टिश्यू पेपरवर ठेवा आणि विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्या. याचं मुख्य कारण क्रिप्टोस्पोरिडियम. हा परजीवी आतड्यात बसतो, गेको खाऊनही वाळत जातो आणि शेपटी काडीसारखी होते. खात्रीचा इलाज नाही, आणि नेहमीच्या प्रमाणातल्या ब्लीचनेही तो मरत नाही. चिमटे, पाण्याच्या वाट्या, सगळं वेगळं ठेवा आणि नव्या पाहुण्याचं काम दिवसात सर्वांत शेवटी करा.

पिंजरा आणि ऊब

एका प्रौढ गेकोसाठी ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच पिंजरा मी किमान मानते. लांबी महत्त्वाची, कारण एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला गार अशी उतरण हवी असते. लहान डब्यात सगळीकडे सारखंच तापमान होतं, आणि मग गेकोला निवडच उरत नाही.

गरम टोकाला, गेकोचं पोट जिथे टेकतं त्या पृष्ठभागाचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस ठेवा. गार टोकाला २४ ते २६. रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं, उलट तसं थोडं उतरावंच. आता मोजणार कशाने? काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर काचेजवळच्या हवेचं तापमान दाखवतात. गेको तर जमिनीवर झोपतो. सेन्सरच्या वायरचं टोक जमिनीवर ठेवता येईल असा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि जोडीला लांबूनच पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन ठेवा. त्या गनने पिंजऱ्याचा वीत-वीत भाग तपासला की उतरण कुठे तुटते ते लगेच कळतं.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या नियंत्रकाशिवाय, कुठलंही तापवणारं साधन लावायचं नाही. या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. नियंत्रण नसलेली हीट मॅट (पिंजऱ्याखाली ठेवायची विजेची तापणारी चटई) गेकोचं पोट भाजू शकते, आणि भाजत असतानाही तो तिथून उठत नाही. विजेवर तापणारे कृत्रिम दगड मिळतात, तेही याच कारणाने नकोत.

दिवसा मी वरून हॅलोजन दिवा लावते, मंद करणाऱ्या थर्मोस्टॅटवर, आणि खाली एक रुंद चपटा दगड. दगड दिवसभर तापतो आणि दिवा विझल्यावरही बराच वेळ गरम राहतो. गेको नेमका तेव्हाच बाहेर येतो आणि चारही पाय पसरून त्यावर पोट टेकतो. मूळ प्रदेशातही संध्याकाळचे खडक असेच तापलेले असतात. जागा अडचणीची असेल तर खालून हीट मॅटही चालते, पण पिंजऱ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याखालीच. रात्री लाल किंवा निळे दिवे नकोत. त्याला अंधार लागतो.

कमी तीव्रतेची यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब रोज १२ तास लावली तर त्वचेत डी३ जीवनसत्त्व तयार होतं. ती नसेल तर डी३ पूर्णपणे पावडरमधून द्यावं लागतं. अल्बिनो, म्हणजे अंगात गडद रंगद्रव्य नसलेल्या गेकोंना प्रकाश सोसत नाही, त्यांच्या पिंजऱ्यात सावली जास्त ठेवा.

लपायला तीन जागा: एक गरम टोकाला, एक गार टोकाला आणि तिसरी ओलसर. ओलसर जागेसाठी झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा आणि आत ओलं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) पुरतं. पिंजऱ्याची आर्द्रता एरवी ३० ते ४० टक्के ठीक आहे, पण कात सुटायला हा डबा हवाच. कात टाकायच्या आधी गेको पांढुरका, निस्तेज दिसायला लागतो. मग तोंडाच्या कडेपासून त्वचा सुटते आणि तो ती दाताने धरून पायांवरून हातमोजा ओढावा तशी काढतो आणि खाऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी बोटं आणि पापण्यांच्या कडा बघा. तुकडा राहिला असेल तर कोमट पाण्यात पाय बुडतील इतपत १५ मिनिटं ठेवा आणि ओल्या कापसाच्या काडीने हलकेच सोडवा. कोरडी कात ओढायची नाही.

तळाला पिल्लांसाठी आणि आजारी गेकोसाठी टिश्यू पेपरच. प्रौढांना माती आणि वाळूचं घट्ट दाबलेलं मिश्रण, किंवा फरशी. नुसती सुटी वाळू, 'कॅल्शियम सँड' म्हणून विकली जाणारी वाळू आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा नको, पोटात गेल्यावर आतडं तुंबतं. ऊब कमी असली की पचन मंदावतं आणि हा धोका आणखी वाढतो.

खाणं

लेपर्ड गेको फक्त कीटक खातो. फळं, भाज्या, शिजवलेलं काही नाही. रातकिडे, डुबिया झुरळं, ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या हे रोजचं खाणं. मीलवर्म या अळ्या अधूनमधून. वॅक्सवर्म या अळ्या फार चरबीच्या आणि गेकोला फार आवडणाऱ्या, त्यामुळे एकदा चटक लागली की दुसरं काही खायला तो तयार होत नाही. किड्याची रुंदी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. पिल्लांना रोज, प्रौढांना आठवड्यातून दोन-तीनदा. काजवे चुकूनही नको. एक-दोन काजव्यांतलं विषही पालींचा जीव घेऊ शकतं. बाहेरून पकडलेले किडेही नकोत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं.

गेकोला देण्याआधी २४ ते ४८ तास किड्यांना चांगलं खाऊ घाला: पालेभाजी, गाजर, धान्याचा कोंडा. रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. त्यामुळे वरून कॅल्शियम पावडर लावली नाही तर गेको स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम वापरायला लागतो. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, चालताना थरथरतो. वेळीच उपचार झाले तर दुखणं थांबतं, पण वाकलेलं हाड सहसा सरळ होत नाही. मी जवळजवळ प्रत्येक खाण्याला साधं कॅल्शियम लावते. यूव्हीबी असेल तर डी३ असलेलं कॅल्शियम पंधरवड्यातून एकदा, नसेल तर आठवड्यातून एक-दोनदा. मल्टिव्हिटॅमिन साधारण दहा दिवसांतून एकदा. गार टोकाला स्वच्छ पाणी रोज बदला. उरलेले रातकिडे रात्रभर आत सोडू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात.

दर आठवड्याला एकाच वेळी गेकोचं वजन करा आणि वहीत लिहा. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी आजार वजनात दिसतो. दोन आठवडे वजन घसरलं की आधी तापमान तपासा, मग पशुवैद्याला फोन करा.

हाताळताना वरून पकडू नका, बाजूने तळहात पुढे करा आणि त्याला चढू द्या. शेपटी कधीच धरायची नाही. घाबरला की तो ती तोडून टाकतो. नवी येते, पण आत कण्याऐवजी कूर्चेची काडी असते आणि आकार बेढब. तुटल्यावर काही आठवडे टिश्यू पेपर, स्वच्छता आणि थोडं जास्त खाणं. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात गेको देऊ नका.

पैदास करायची की नाही

एक मादी एका हंगामात सहा-आठ वेळा अंडी घालू शकते, प्रत्येक वेळी बहुधा दोन. म्हणजे डझनभर पिल्लं, प्रत्येकाला स्वतंत्र डबा, स्वतंत्र ऊब, रोजचे बारीक किडे. ती कुणाकडे जाणार हे आधी ठरलेलं नसेल तर जोडी लावू नका. माद्या प्रजननाशिवायही सुखाने जगतात.

नर ओळखायचा तर त्याला पारदर्शक डब्यात ठेवून खालून बघा. मागच्या पायांमध्ये उलट्या व्ही आकारात ठळक, मेणचट छिद्रांची रांग आणि शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे दिसले तर नर. मादीत छिद्रं पुसट असतात. पाच-सहा महिन्यांच्या वयात हे बहुधा स्पष्ट होतं. दोन नर एका पिंजऱ्यात कधीच नाही. ते एकमेकांना फाडतात. नर-मादीही कायम एकत्र ठेवू नका, नर तिला सारखा छळतो.

रंगाच्या मागे लागून आजारी वाण वाढवू नये, हे मला फार मनापासून वाटतं. 'एनिग्मा' नावाच्या वाणात मेंदूचा दोष असतो. ते गेको मान वाकडी करून गोल गोल फिरतात, किड्यावर झडप घातली तर नेम चुकतो. 'लेमन फ्रॉस्ट' दिसतो देखणा, पण त्या रंगाबरोबरच त्वचेतल्या रंगपेशींच्या गाठी येतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचा संबंध एसपीआयएनटी१ या जनुकाशी जोडला गेला. हे दोन वाण माझ्याकडे जोडीला येत नाहीत. अल्बिनोंचे ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल असे तीन वेगळे वंश आहेत. दोन वेगळ्या वंशांच्या अल्बिनोंची जोडी लावली तर पिल्लं साधी दिसतात, पण दोन्ही दोष पोटात घेऊन फिरतात आणि पुढच्या पिढ्यांत कोणाचं काय ते कळेनासं होतं. सख्खी भावंडंही टाळा.

मादी निदान दीड वर्षाची, ५० ग्रॅमच्या वर आणि शेपटी भरलेली असावी. हिवाळ्यात सहा-आठ आठवडे तापमान हळूहळू उतरवून मग वाढवलं तर दोघंही हंगामात येतात. ते करायचं असेल तर आधी दोन आठवडे खाणं बंद करून पोट रिकामं होऊ द्या. गारठ्यात न पचलेलं अन्न आत सडतं. प्रकृती थोडी जरी नरम असेल तर हे करू नका.

जोडी लावताना संध्याकाळी मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडा आणि तिथेच बसून राहा. नर शेपटीचं टोक इतक्या वेगाने थरथरवतो की कागदावर बारीक गुणगुण ऐकू येते. मग तो तिची मान तोंडात धरतो. काही मिनिटांत काम होतं. मादी पळत असेल, उलट चावत असेल तर तिला लगेच बाहेर काढा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. ती शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे एका मिलनावरही हंगामभर फलित अंडी येऊ शकतात.

अंडी

साधारण तीन-चार आठवड्यांनी मादीला पारदर्शक डब्यात ठेवून खालून बघा. माझ्या केशर नावाच्या मादीच्या पोटाची त्वचा इतकी पातळ आहे की दोन लांबट, पांढरट-गुलाबी आकार शेजारी शेजारी स्वच्छ दिसतात, एक जरा पुढे, एक मागे. अंडी घालण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत ती खाणं सोडते आणि रात्रभर उकरत बसते. सकाळी डब्याच्या झाकणापर्यंत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उडालेलं असतं.

तिच्यासाठी झाकणाला भोक असलेला डबा, आत सहा-सात सेंमी ओलं कोकोपीट ठेवा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये. हंगामात तो सकाळ-संध्याकाळ उघडून बघा, कारण कोरड्या जागी पडलेली अंडी काही तासांत पिचकतात. दोन दिवस कुंथूनही अंडी बाहेर आली नाहीत आणि मादी मलूल पडली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य गाठा.

अंड्याचं कवच मऊ, चामडी असतं. उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण करा आणि ती खूण कायम वरच राहील असं अंडं हलवा. गर्भ लवकरच वरच्या बाजूला चिकटतो, उलटवलं तर मरू शकतो. व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी समान वजनाने मिसळा, अंडी त्यात अर्धी रुतवा, डबा बंद करून उबवणी यंत्रात ठेवा. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलली की पुरे.

नर-मादीचा प्रश्न इथे ठरतो, आणि मुख्यतः सुरुवातीच्या काही आठवड्यांतल्या उबेवर. २६ अंशाला जवळजवळ सगळ्या माद्या होतात. ३० अंशाला दोन्ही, पण माद्या जास्त. ३२.५ अंशाच्या आसपास बहुतांश नर. गंमत म्हणजे ३४ अंशाला पुन्हा जवळजवळ सगळ्या माद्याच होतात. पण त्या माद्यांचा मुद्दाम प्रयत्न करू नका, तेवढ्या उष्णतेत गर्भ दगावण्याच्या अगदी काठावर असतो. विल्यम गुत्स्के आणि डेव्हिड क्रूज यांनी १९८८ मध्ये दाखवलं की जास्त उबेत वाढलेल्या माद्या मोठेपणी नरांसारख्या आक्रमक वागतात. मी २७ ते २८ अंशाला उबवते. दिवस जास्त लागतात, साधारण दोन महिने. ३२ च्या वर तेच काम सुमारे दीड महिन्यात होतं. पण सावकाश वाढलेली पिल्लं माझ्या अनुभवात अंगाने भरलेली निघतात, आणि जास्त नरांना घर मिळवणं फार अवघड असतं. एकेका नराला वेगळा पिंजरा लागतो.

यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. स्वतंत्र थर्मामीटरचा सेन्सर अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्या पातळीवर ठेवा. अंडी घालण्याआधी काही दिवस यंत्र रिकामं चालवून बघा. वीज गेली तर थोडा गारवा अंडी सोसतात, अचानक चढलेली उष्णता नाही.

दहा दिवसांनी अंधारात बारीक टॉर्च खालून धरला की फलित अंड्यात तांबूस वलय आणि लाल शिरा दिसतात. नुसतं पिवळसर, सगळीकडे सारखं दिसणारं अंडं बहुधा वांझ. तरी वास येईपर्यंत मी फेकत नाही, शेजारच्या अंड्यांपासून वेगळं ठेवते.

पिल्लं

बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी अंड्यावर बारीक थेंब येतात, कवच थोडं खचतं. मग एक चीर, चिरेतून नाकाचं टोक, आणि पिल्लू तसंच कित्येक तास श्वास घेत पडून राहतं. या वेळी हात लावू नका. पोटाला बलक जोडलेला असतो, तो आत शोषला जात असतो. ओढून काढलं तर तो फुटतो.

नुकतं निघालेलं पिल्लू सुमारे तीन ग्रॅमचं, आठ सेंमी लांब, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं असतं. ठिपके नंतर येतात. जवळ गेलं की चारही पायांवर उंच होतं, तोंड वासून ओरडतं. त्याला एकटं, छोट्या डब्यात टिश्यू पेपरवर ठेवा. गरम टोक ३१-३२ अंश, ओलसर लपण आणि उथळ पाणी. पहिली कात एक-दोन दिवसांत टाकून ते खातं, किडे बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. पाच मिलिमीटरचे रातकिडे, कॅल्शियम लावून, रोज. पहिले काही आठवडे उगाच हाताळू नका.

या काळात आईला विसरू नका. तिच्या पिंजऱ्यात एका बशीत साधं कॅल्शियम कायम ठेवा आणि रोज खायला द्या. शेपटी बारीक व्हायला लागली की पुढचं वर्ष तिला पूर्ण विश्रांती द्या.

पिल्लू दहा-बारा ग्रॅमचं होऊन सलग काही आठवडे नीट खात असेल तेव्हाच मी दुसऱ्याच्या हाती देते. त्याआधी त्यांच्या तयार पिंजऱ्याचा फोटो मागते, थर्मामीटरचा आकडा दिसेल असा. सोबत कागदावर जन्मतारीख, उबवणीचं तापमान, आईबाप, आतापर्यंतची वजनं आणि ते काय खातं ते लिहून देते. कागदाच्या तळाशी एक ओळ असते: कधीही सांभाळणं जमेनासं झालं, तर कारण न विचारता मी याला परत घेईन.